लॉन्ड्रीतल्या उजव्या स्पीकरचं म्हणणं

मित्रांनो, आप्पांच्या लॉन्ड्रीत शिरलात की इस्त्री केलेल्या शर्टांच्या दांडीखाली, एका बुटक्या फळीवर तुम्हाला दोन लाकडी खोकी शेजारी शेजारी दिसतील. लोक आमच्यावर पिशव्या ठेवतात, छत्र्या टेकवतात. एकाने तर चक्क ओला मोजा वाळत घातला होता! त्यातलं उजवीकडचं खोकं म्हणजे मी, एक जुना स्पीकर. माझं वय विचारू नका. माझ्या कोपऱ्यांवरचं पॉलिश बघा आणि काय तो अंदाज करा.

डावीकडचा तो माझा भाऊ. आम्ही जुळे. एकाच फळीतून कापलेले, एकाच दिवशी डिंक लावून चिकटवलेले. आमच्या पोटात कागदाचा एक मोठा शंकू आहे आणि त्याच्या मागे जडशीळ लोहचुंबक. गाणं सुरू झालं की तो शंकू पुढे-मागे हलतो, हवा ढकलतो, आणि त्या हवेलाच तुम्ही गाणं म्हणता. कारखान्यात आम्हाला तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर टिचकी मारली, मग डाव्याच्या पाठीवर मारली आणि म्हणाल्या, "दोघं एका सुरात बोलतायत. यांची ताटातूट करू नका रे." मग आम्हाला एकाच सुतळीने बांधलं गेलं. ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

पण नशीब बघा! एवढे घुमणारे आम्ही, आणि आम्हाला नेऊन लावलं कुठे, तर एका शाळेच्या सभागृहात. तिथे गाणंबिणं काही नाही. वर्षानुवर्षं आमच्यातून काय बाहेर पडलं, तर "हॅलो, हॅलो," मुख्याध्यापकांचा खोकला आणि "मागच्या रांगेतली मुलं बोलतायत." भाषणात खर्ज लागत नाही. खर्ज म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा, जाड आवाज. तो कानाला ऐकू येतो त्याच्या आधी छातीला लागतो. तोच काढायला तर आमचा जन्म, आणि तोच कुणी मागेना. पुढे भिंतीवर लटकणारे चपटे, पांढरे स्पीकर आले आणि आमची रवानगी जिन्याखाली मोडक्या बाकांत झाली. तिथे धूळ होती, उंदीर होते आणि अंधार होता. डावा म्हणायचा, आपलं झालं आता. मी म्हणायचो, गप बस. पण खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं.

सभागृहाचे पडदे धुवायला आप्पांकडे जायचे. धुतलेले पडदे परत घेऊन आले तेव्हा आप्पांची नजर जिन्याखाली गेली. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "ही खोकी टाकायची आहेत का?"

"न्या हो, जागा तरी मोकळी होईल."

असे आम्ही लॉन्ड्रीत आलो. गाणी ऐकायला आप्पांनी आणलं, असं समजू नका. घडी केलेल्या चादरी ठेवायला त्यांना उंच काहीतरी हवं होतं! चादरींचा भार डोक्यावर घेऊन आम्ही पुन्हा मुके उभे राहिलो. तरी एक बरं होतं, तिथे वाफेची ऊब होती आणि साबणाचा वास होता.

आप्पांना एकच मुलगी. घरात दोघंच. ती बोलायची इतकं कमी की आत्याने तिचं नाव ठेवलं घुमी, आणि मग सगळं गावच तिला घुमी म्हणायला लागलं. याच आत्याने नवीन टेप घेतला तेव्हा आपला जुना रेकॉर्ड प्लेयर घुमीला दिला. घुमीने आमच्या डोक्यावरच्या चादरी उचलून बाजूला ठेवल्या, धूळ पुसली, कुणाकुणाला विचारून वायरी जोडल्या आणि एक तबकडी लावली. मित्रांनो, ती तबकडी होती 'सरमिसळ' नावाच्या बँडची.

काय सांगू तुम्हाला! एकाच गाण्यात ट्रम्पेट, अकॉर्डियन, टाळ्या, मध्येच अंगाईसारखं काहीतरी, आणि जरा डोळा लागतोय म्हणेपर्यंत सर्कशीचा बाजा. ऐकणाऱ्याने पुढे काय येईल याचा अंदाज करायचाच नाही. आणि या सगळ्या गडबडीखाली शांतपणे चालत राहणारा खर्ज. जाड तारांच्या बेस गिटारचा. तो नसता तर बाकीचे सगळे इकडेतिकडे पळाले असते. आयुष्यात पहिल्यांदा माझा शंकू पोटभर हलला.

घुमी मला पाठ टेकून बसली होती. एकदम ओरडली, "आप्पा, हे गाणं कानात नाही, पोटात वाजतंय!"

आप्पा इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "पोटात वाजतंय? मग जेवली नाहीस तू. आधी जेवून घे."

आप्पा तसेच. मनात काय आहे ते चेहऱ्यावर येऊ द्यायचे नाहीत. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे मात्र ते अभिमानाने सांगायचे. पण तबकडी संपली की सुई उचलायला हातातलं काम टाकून तेच उठायचे. ते मी बघितलंय.

हळूहळू लॉन्ड्रीत माणसं रेंगाळायला लागली. शेजारचा बेकरीवाला, चांगला अंगापिंडाने भरलेला गडी, ट्रम्पेट वाजलं की पिठाच्या हातांनीच यायचा आणि असा हलका नाचायचा की बघत राहावं. रुग्णालयातल्या नर्सबाई धुतलेलाच कोट पुन्हा धुवायला आणायच्या. आप्पा म्हणायचे, "बाई, हा कोट आता झिजेल हो." त्या म्हणायच्या, "झिजू दे, दुसऱ्या बाजूची गाणी राहिलीयत." गणिताचे सर नाचायचे नाहीत. ते ठोके मोजायचे, आणि मोजता मोजता त्यांचे खांदे उडायला लागायचे ते त्यांचं त्यांनाच कळायचं नाही. 'सरमिसळ'चा प्रत्येक आल्बम या मंडळींनी असा ऐकला की तबकड्या खरखरायला लागल्या. कोणतं गाणं चांगलं यावरून बेकरीवाला आणि सर एकमेकांशी आठवडाभर बोलत नसत. मग नवं गाणं लागलं की पुन्हा गळ्यात गळे.

हे सगळं बघत घुमी मोठी झाली. जुनी बेस गिटार मिळवून माझ्याशेजारी बसायची आणि मी जे वाजवीन ते ती वाजवायची. म्हणजे माझी शिष्याच म्हणा ना! हसू नका, माझ्याइतकं तिचं वाजवणं कुणी ऐकलंय? पुढे 'सरमिसळ'मधल्या बेसवाल्या दादांचे हात दुखायला लागले. त्यांनी वाजवणं सोडलं आणि त्यांच्या जागी, खूप जणांचं वाजवणं ऐकून झाल्यावर, बँडने घुमीला घेतलं.

आनंद झाला का? झाला तर! बेकरीवाल्याने भट्टीवरून उडी मारायची तेवढी बाकी ठेवली. पण दोन दिवसांनी त्याच तोंडाने तो म्हणाला, "पोरगी आपली आहे हो, पण दादांची सर कुणाला यायची नाही." नर्सबाईंनी सुस्कारा टाकला. सर म्हणाले, बघू. प्रेमाच्या माणसांची ही एक तऱ्हा असते. त्यांना नवं हवंही असतं आणि जुनं सुटतही नाही. आत कपड्यांना खुणेचा दोरा घालत बसलेल्या घुमीने ते सगळं ऐकलं. तिने पुढच्या शर्टाला दोरा घातला.

'सरमिसळ'ची एक रीत होती. नवा आल्बम बाजारात यायच्या आदल्या दिवशी पहिली तबकडी स्टुडिओत किंवा मोठ्या हॉटेलात वाजायची नाही. ती जुन्या चाहत्यांच्या अड्ड्यावर वाजवायची, आणि त्यांचे पाय हलतात का ते बघायचं. या वेळी बँडने अड्डा निवडला तो आप्पांची लॉन्ड्री. आल्बमचं नाव 'तळपाय'. घुमीचा पहिलाच.

त्या दिवशी सकाळी ती तबकडी छातीशी धरून लॉन्ड्रीत आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. आप्पा चादरीची दोन टोकं धरून उभे होते, तिने सवयीने दुसरी दोन धरली. घडी घालता घालता म्हणाली, "आप्पा, मी बँडला सांगून आलेय. आज ही माणसं नाचली नाहीत, तर मी सोडतेय. त्यांनी दुसरं कुणीतरी घ्यावं."

आप्पांनी चादर ठेवली. "हं," एवढंच म्हणाले.

मला त्यांचा असा राग आला! अहो, लेक जिवाचं सांगतेय, आणि तुमचं नुसतं 'हं'? पण थोड्या वेळाने बघतो तर आप्पा फळीजवळ खाली वाकून आमच्या वायरी तपासतायत. आठवड्यापूर्वी डाव्याच्या वायरीवर गरम इस्त्री टेकली होती आणि ती वितळून चिकटली होती. मधूनच खरखरायची. आप्पांना ते ठाऊक होतं. लेकीचं गाणं वाजताना खरखर नको म्हणून त्यांनी बाद झालेल्या एका इस्त्रीची जाड, सुती धाग्याने मढवलेली चांगली वायर कापली, टोकं सोलली आणि डाव्याला बसवली. वर ओल्या फडक्याने आम्हा दोघांची तोंडं पुसली. मित्रांनो, काही माणसांचं प्रेम हे असं हातात असतं, तोंडात येत नाही. माझा राग पळाला.

संध्याकाळी लॉन्ड्री गच्च भरली. बेकरीवाल्याने सहा महिने आधी शिवून ठेवलेला लाल शर्ट घातला होता. नर्सबाईंनी कामाची पाळी बदलून घेतली होती. सर नव्या बुटांत आले होते आणि ते चावत असूनही काढायला तयार नव्हते. इस्त्रीची टेबलं भिंतीला लावली, मधली जमीन मोकळी केली. घुमी मागच्या दाराला टेकून उभी राहिली. आप्पांनी सुई ठेवली.

पहिलं गाणं सुरू झालं, आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर बिनसलंय.

ट्रम्पेट वाजत होतं. अकॉर्डियन वाजत होतं. टाळ्या लखलखीत. पण खाली काहीच नव्हतं! मी जीव तोडून खर्ज काढत होतो. घुमीने काय सुंदर वाजवला होता तो, अंगाला लपेटून घ्यावा असा! मी हवा पुढे ढकलायचो आणि ती माझ्या समोरच विरून जायची. कारण शेजारचा डावा नेमका त्याच क्षणी हवा मागे ओढत होता. मी पुढे, तो मागे. मी मागे, तो पुढे. अरे भावा, काय करतोयस! पण त्याचाही दोष नव्हता. त्याच्या पाठीत वायर उलटी बसली होती, त्याला तसंच हलणं भाग होतं. सगळा खर्ज आम्ही दोघं मिळून आमच्यातच गिळून टाकत होतो.

आता मी काय करू, सांगा! स्पीकरला सगळ्यांचा आवाज काढता येतो, फक्त स्वतःचा येत नाही.

बेकरीवाल्याने प्रामाणिकपणे पाय आपटायचा प्रयत्न केला. दोनदा आपटला, थांबला. नर्सबाई उगाचच हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होत्या. सरांचे खांदे जागच्या जागी. दुसरं गाणं लागलं, तेही तसंच, पातळ. कुणीतरी हळूच म्हणालं, "पोरीचं वाजवणं ऐकूच येत नाही." आणि बेकरीवाला, ज्याने घुमीला कडेवर घेऊन नाचवलं होतं, तो मान खाली घालून पुटपुटला, "दादांची गोष्टच वेगळी होती."

घुमीने ते ऐकलं. ती रडली नाही. कोपऱ्यातल्या आपल्या गिटारीची पिशवी तिने उचलली आणि तिची चेन हळूहळू, शेवटपर्यंत ओढून बंद केली आणि पिशवी खांद्याला अडकवली. आप्पांनीही ते बघितलं. हातात काही काम नसलेले आप्पा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

"भट्टी बघून येतो," असं काहीतरी खोटंच म्हणून बेकरीवाला निघाला. घुमीच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून तो भिंतीच्या कडेकडेने, आमच्या फळीजवळून गेला. ती जाड वायर त्याच्या पायात अडकली. "अरे, अरे, अरे!" करत तो कपड्यांच्या ढिगात जाऊन पडला, आणि डाव्याच्या पाठीतून वायर फटकन निघून आली. डावा गप्प झाला.

आणि मित्रांनो, खर्ज आला!

असा आला की दांडीवरचे हँगर थरथरले, बटणांची बरणी फळीवर चालायला लागली. मी एकटा होतो, पण माझी हवा ओढून घेणारं कुणी नव्हतं. घुमीची एकेक जाड तार थेट लोकांच्या छातीत जाऊन लागत होती. नर्सबाईंचा एक पाय त्यांना न विचारताच हलला.

"हे काय?" सर ओरडले. "दोनातून एक गेला तर आवाज कमी व्हायला हवा. हा वाढला कसा?"

"गणित राहू दे हो, ऐका!" नर्सबाई म्हणाल्या.

आप्पांनी घाईघाईने वायर पुन्हा होती तशी खोचली. खर्ज गेला. त्यांनी ती उपटली. खर्ज आला. पुन्हा खोचली, पुन्हा गेला. सगळे भूत बघितल्यासारखे आमच्याकडे बघत होते. तेवढ्यात घुमी गर्दीतून पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि "खोचूनच ठेवा," म्हणत तिने एक तळवा माझ्या शंकूसमोर धरला, एक डाव्याच्या. क्षणभर तिने डोळे मिटले. मग विचारलं, "आप्पा, ही वायर कुणी लावली?"

"मी."

"उलटसुलट बघितलंत?"

"त्यात काय बघायचं?" आप्पा गोंधळून म्हणाले. "दोन्ही तारा सारख्याच रंगाच्या. आणि इस्त्रीची पिन कशीही खोच, इस्त्री तापतेच की गं!"

सगळं आयुष्य इस्त्रीपुढे काढलेल्या माणसाला तसंच वाटणार, नाही का? पण आमच्यासारख्या जोडीला तसं चालत नाही, आम्हाला एकाच दिशेला हलावं लागतं. घुमी आप्पांकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि सकाळपासून अडवलेलं सगळं त्यातच वाहून गेलं. हसत हसतच तिने सांगितलं, हा पुढे ढकलतोय तेव्हा तो मागे ओढतोय, दोघांच्या भांडणात माझं वाजवणं मेलं. आप्पांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे मीच तुझा आवाज बंद केला होता?"

"खरखर बंद करायला गेला होतात, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी दोन्ही तारा अदलाबदल करून बसवल्या. मग त्यांनी खिशातून कपड्यांना घालायच्या खुणेचा लाल दोरा काढला आणि एका तारेला गुंडाळून पक्की गाठ मारली. आजवर कुणाचा शर्ट कुणाला गेला नाही तो त्याच दोऱ्यामुळे. मग ते सुईकडे वळले आणि तबकडी पहिल्यापासून लावली.

आता मी आणि डावा एकदम पुढे, एकदम मागे. कारखान्यातल्या बाईंनी ऐकलं असतं तर दोन टिचक्या आणखी मारल्या असत्या! पहिल्या गाण्याच्या मध्यावरच बेकरीवाला लाल शर्टातून घामाने निथळत होता. सरांनी बूट काढून फेकले आणि मोजणं सोडून दिलं. नर्सबाईंनी त्यांना हाताला धरून गोल फिरवलं. रस्त्यावरून जाणारे लोक दारात थांबले, मग आत आले. बेकरीवाला नाचता नाचताच घुमीसमोर आला, स्वतःचे कान पकडले आणि ओरडला, "पोरी, दादा दादा होते, आणि तू तू आहेस! पुन्हा लाव ते तिसरं!" त्या बाजूची सहाच्या सहा गाणी झाली, तबकडी उलटली, पुन्हा उलटली. दुसऱ्या दिवशी 'तळपाय' बाजारात आला तेव्हा दुकानासमोर रांगेत सगळ्यात पुढे कोण होतं ते सांगायला नको. ज्यांनी तो आधीच ऐकला होता तीच मंडळी!

पण मला आठवतं ते वेगळंच. सगळे नाचत असताना आप्पा माझ्याशेजारी उभे होते. आधी एक हात माझ्यावर ठेवला. मग हळूहळू खाली बसून पाठ टेकली, घुमी लहानपणी टेकायची तशी. घुमी जवळ आली तेव्हा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "घुमे, हे कानात नाही वाजत गं. पोटात वाजतंय."

घुमीने त्यांच्याकडे बघितलं. गिटारीची पिशवी अजून तिच्या खांद्यावरच होती, ती तिने काढून माझ्याजवळ ठेवली आणि म्हणाली, "मग जेवला नाहीत तुम्ही. आधी जेवून घ्या."

मित्रांनो, आता माझं पॉलिश उडालंय, शंकूला एका जागी कागदाचं ठिगळ लागलंय. तरी आप्पा आम्हाला रोज पुसतात, आमच्यावर आता कुणाला मोजा वाळत घालू देत नाहीत. घुमी बँडबरोबर दूरदूर जाते, आणि नवं गाणं झालं की आधी इथे आणते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंच्या पाठीमागेही कधीतरी वाकून बघत जा, आमची दुखणी तिथे असतात. आणि एखाद्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नसेल, तर त्याला काही येतच नाही असं लगेच ठरवू नका. तो कदाचित जीव तोडून वाजवत असेल. वायर तपासा.

चला, आप्पांनी सुई उचललीय, डावा तयार आहे. तुम्हीही ती पिशवी माझ्यावरून काढा आणि जरा पाय मोकळे करा.